‘सार्डॉनिक’ : या हसण्याला मराठीत काय म्हणावे?

मितभाषी

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करताना गेले चार दिवस मी एकाच विशेषणापाशी अडकून पडले आहे. ते विशेषण म्हणजे ‘सार्डॉनिक’.

प्रसंग असा आहे. जहाजावरचा एक म्हातारा सुतार बंदर सोडण्यापूर्वीच कप्तानाला सांगतो की तळाच्या फळ्या कुजल्या आहेत, त्या बदलल्याशिवाय निघणे धोक्याचे आहे. कप्तान सर्वांदेखत त्याची टर उडवून त्याला गप्प बसवतो. पुढे भर समुद्रात जहाजात पाणी शिरू लागते आणि तोच कप्तान मध्यरात्री कंदील घेऊन सुताराकडे येतो व आता काय करायचे ते विचारतो. सुतार काहीही बोलत नाही. त्याच्या चेहऱ्यावर सार्डॉनिक हसू आले आणि तो हातोडा घेऊन उठला, एवढेच लेखकाने लिहिले आहे.

कोशांत पाहिले तर ‘उपरोधिक’, ‘उपहासात्मक’, ‘कुत्सित’, ‘छद्मी’ असे पर्याय मिळतात, पण त्यांतला एकही मला या माणसाच्या चेहऱ्यावर बसवता येत नाही. उपरोध हा बोलण्यात असतो आणि हा तर तोंडातून अवाक्षर काढत नाही. उपहास करणारा माणूस समोरच्यापेक्षा उंच जागी उभा असतो. इथे मात्र जहाज बुडाले तर कप्तानाबरोबर सुतारही बुडणार आहे आणि हे त्याला ठाऊक आहे. ‘कुत्सित’ म्हटले की तो क्षुद्र मनाचा वाटू लागतो, तर ‘छद्मी’ म्हटले की फळ्या त्यानेच कुजवल्या असाव्यात असा वाचकाला संशय येईल.

हा शब्द मुळात आला कुठून आणि त्याच्या अर्थाचा गाभा कोणता, हे कळले तर कदाचित वाट सापडेल. जाणकारांनी कृपया लिहावे. शब्दकोशातील प्रतिशब्दांची यादी नको. ती माझ्याकडे आहे.


अक्षरयात्री

या शब्दाचा सर्वांत जुना पुरावा होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्यात, विसाव्या सर्गात सापडतो आणि तो प्रसंग आपल्या सुताराच्या प्रसंगाशी इतका जुळणारा आहे की तो थोडा विस्ताराने सांगतो.

ओडिसियस वीस वर्षांनी स्वतःच्या घरी परतला आहे, पण भिकाऱ्याच्या वेषात. त्याच्या बायकोशी लग्न करण्यासाठी टपून बसलेली उपटसुंभ मंडळी त्याच्याच दिवाणखान्यात त्याच्याच गुरांवर ताव मारत आहेत. त्यांच्यातला क्टेसिप्पस नावाचा एक श्रीमंत उद्धट इसम म्हणतो की या पाहुण्याला मीही एक आहेर देतो, आणि टोपलीतला बैलाचा खूर उचलून ओडिसियसच्या दिशेने भिरकावतो. ओडिसियस मान किंचित कलती करतो, खूर भिंतीवर आदळतो, आणि होमर म्हणतो की तो मनातल्या मनात ‘सार्दानिऑन’ असे हसला. संपूर्ण होमरमध्ये हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. एक म्हणजे ‘आहेर देतो’ असे म्हणून खूर फेकणारा क्टेसिप्पस हा अस्सल उपरोध करणारा माणूस आहे, तर ज्याच्यावर खूर फेकला गेला तो सार्डॉनिक हसणारा आहे; म्हणजे मितभाषी यांना जो फरक जाणवतो आहे, तो होमरने एकाच प्रसंगात दोन माणसांत वाटून दाखवला आहे. दुसरे म्हणजे हे हसू ‘मनात’ उमटते. ते ओठांवर आले की नाही, हे कवी सांगत नाही.

त्यानंतरचा एक ठळक वापर प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात आहे. न्याय म्हणजे काय यावर चाललेला वाद असह्य होऊन थ्रॅसिमॅकस उसळून मध्ये पडतो, आणि सॉक्रेटिसने नेहमीप्रमाणे नम्रतेचा आव आणताच तो मोठ्याने ‘सार्दानिऑन’ हसतो व म्हणतो की हीच ती सॉक्रेटिसची नेहमीची ‘एइरोनेइया’. ज्या शब्दापासून इंग्रजीतला ‘आयरनी’ आला तो हा शब्द. एका वाक्यात थ्रॅसिमॅकसचे सार्डॉनिक हसणे आणि सॉक्रेटिसची आयरनी शेजारी शेजारी बसली आहेत. होमरचे हसू मनातले होते, हे मात्र खदखदून बाहेर पडलेले आहे. तेव्हा आवाज किती आणि ओठ किती फाकले, यावरून या शब्दाचा अर्थ ठरत नाही.

आता व्युत्पत्ती. होमरच्या शब्दात ‘सार्दान’ आहे, ‘सार्दोन’ नाही. ग्रीक भाषेत ‘साइरेइन’ असे एक क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ ओठ मागे खेचून दात दाखवणे, म्हणजे आपले दात विचकणे. होमरचा शब्द या क्रियापदाशी जोडण्याची कल्पना प्राचीन भाष्यकारांनाही सुचली होती, आणि मला स्वतःला तीच अधिक पटते, कारण भूमध्य समुद्रातील सार्डिनिया बेटाचा उल्लेख होमरच्या काव्यात कुठेच नाही. पुढे ग्रीकांना हे बेट परिचयाचे झाले. ते त्याला ‘सार्दो’ म्हणत. जुन्या शब्दाचा अर्थ अंधूक झाला होता आणि नव्या बेटाचे नाव कानाला जवळचे होते. लोकांनी आ-काराचा ओ-कार केला, ‘सार्दोनिऑन’ झाले, आणि मग ‘या हसण्याचा सार्डिनियाशी संबंध काय’ या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी एकाहून एक भयंकर कथा तयार झाल्या.

त्यांतली एक सिसिलीच्या टिमेयस या इतिहासकाराच्या नावावर सांगितली जाते: सार्डिनियातले लोक सत्तरी ओलांडलेल्या आपल्या वडिलांना ठार करत आणि ते वृद्ध हसत हसत मरण पत्करत. दुसरीत टॅलॉस नावाचा काशाचा राक्षस आहे. त्याच्या हातून मरणाऱ्या सार्डिनियावासीयांचे दात विचकले जात आणि ते हसल्यासारखे दिसत. तिसरी कथा विषारी वनस्पतीची आहे आणि तीच सर्वांत जास्त टिकली. दूरच्या बेटावरच्या माणसांविषयी असे काहीही सांगण्याची मुभा त्या काळच्या लेखकांना होतीच, त्यामुळे पहिल्या दोन कथा मी केवळ कथा म्हणूनच वाचतो. वनस्पतीविषयी मात्र जाणत्या माणसाने लिहावे.


अर्धविराम

फार सुंदर माहिती. एक शंका: दागिन्यांत वापरला जाणारा ‘सार्डोनिक्स’ नावाचा तांबूस पट्ट्यांचा खडा असतो. हे विशेषण त्या खड्यावरूनच आले असेल का? थंड, कठीण, दगडासारखे हसू असा अर्थ लावता येतो.


अक्षरयात्री

@अर्धविराम, अर्थ छान लागतो आहे आणि म्हणूनच सावध राहायला हवे. तो शब्द ‘सार्ड’ आणि ‘ऑनिक्स’ अशा दोन खड्यांच्या नावांचा जोड आहे, आणि ‘सार्ड’ हे नाव सामान्यतः लिडियाची राजधानी सार्डिस, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील एक प्राचीन नगर, हिच्याशी जोडले जाते. सार्डिनियाशी त्याचा संबंध नाही. ‘सार्डिन’ या माशाचे नाव मात्र त्या बेटावरून आल्याचे मानतात. तेव्हा या विशेषणाचे नातेवाईक शोधायचेच असतील तर खड्यापेक्षा मासा जवळचा.


रानवाटा

वनस्पतीबद्दल लिहितो.

दुसऱ्या शतकातील ग्रीक प्रवासी पॉसेनियस याने नोंदवले आहे की सार्डिनियात साप नाहीत, लांडगे नाहीत, विषारी वनस्पतीही नाहीत, अपवाद फक्त एकीचा. ती सेलरीसारखी दिसते, मुख्यतः झऱ्यांच्या काठी उगवते पण पाण्यात तिचे विष उतरत नाही, आणि ती खाणारा हसत हसत मरतो. त्याच्याही आधी, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, रोमन कवी व्हर्जिलच्या एका गोपगीतातला मेंढपाळ आपल्या प्रियेला शपथेवर सांगतो की माझे म्हणणे खोटे असेल तर मी तुला सार्डिनियाच्या गवतापेक्षाही कडू वाटो. विशेष हे की तिथे हसण्याचा उल्लेख नाही, नुसत्या कडूपणाचा आहे.

ही वनस्पती नेमकी कोणती, यावर पुष्कळ काथ्याकूट झालेला आहे. जुन्या वनौषधिशास्त्रज्ञांनी ती बटरकप फुलांच्या वंशातली मानली, आणि त्या वंशातील एका जातीच्या शास्त्रीय नावात ‘सार्डूस’ हे विशेषण आजही आहे. पण बटरकपची पाने चघळली तर तोंडाची आग होते, फोड येतात. चेहऱ्याचे स्नायू आकसून माणूस हसल्यासारखा दिसावा असा परिणाम त्यांतून संभवत नाही.

२००९ मध्ये इटलीतील पूर्व पिडमाँट विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ नॅचरल प्रॉडक्ट्स’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी सार्डिनियातील ओएनांथे वंशाची पाणथळ जागी वाढणारी वनस्पती घेतली, तिच्यातून ओएनांथोटॉक्सिन हे विष आणि त्याच जातकुळीतले आणखी एक संयुग वेगळे केले, आणि ही संयुगे मज्जासंस्थेतील गाबा या रसायनाचे काम रोखतात असे दाखवले. ही वनस्पती गाजर, धने आणि सेलरी यांच्या कुळातली आहे, म्हणजे पॉसेनियसचे ‘सेलरीसारखी’ हे वर्णन तिला लागू पडते, आणि तिची जागाही पाण्याकाठचीच. वंशाच्या नावाचा ग्रीक अर्थ ‘द्राक्षासवाचे फूल’ असा आहे, कारण तिला तसा वास येतो. या कुळातल्या विषारी आणि खाद्य वनस्पती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की अनुभवी माणसेही फसतात, त्यामुळे कुणी तिची मुळे चुकून खाल्ली आणि पाहणाऱ्यांनी त्याचा मरतानाचा चेहरा लक्षात ठेवला, यात मला अशक्य काही दिसत नाही.

मात्र यावरून अक्षरयात्री यांची ‘दात विचकण्याची’ व्युत्पत्ती खोटी ठरत नाही. रसायनशास्त्राने कथेतली वनस्पती खरी असू शकते एवढेच सांगितले. होमरने शब्द त्या वनस्पतीवरूनच घेतला, हे सांगणे त्याच्या आवाक्यातले नाही.


नाडीपरीक्षा

वैद्यकात हा शब्द आम्हाला कथेकादंबरीच्या कितीतरी आधी भेटतो. धनुर्वाताच्या रुग्णाच्या चेहऱ्यावर जो विशिष्ट आविर्भाव येतो त्याला ‘रायसस सार्डोनिकस’ असे लॅटिन नाव आहे आणि त्याचा अर्थ सार्डॉनिक हसणे एवढाच. भुवया वर चढतात, डोळे बारीक होतात, तोंडाचे कोपरे बाहेर ताणले जातात, आवळलेले दात दिसू लागतात. आपण भीतीने ‘दातखीळ बसली’ असे सहज म्हणतो, ती या आजारात खरोखरच बसते.

रानवाटा यांनी गाबाचा उल्लेख केला म्हणून यामागची यंत्रणा सांगतो, कारण ती या शब्दाच्या अर्थावरही उजेड टाकते असे मला वाटते. स्नायूंना ‘आकुंचन पाव’ असा आदेश देणाऱ्या चेतापेशींवर लगाम ठेवणाऱ्या वेगळ्या पेशी असतात आणि त्या गाबा व ग्लायसिन या रसायनांच्या मार्फत काम करतात. धनुर्वाताच्या जंतूचे विष या पेशींतून ही रसायने बाहेरच पडू देत नाही. कुचल्याच्या, म्हणजे काजऱ्याच्या, बियांमधले स्ट्रिक्निन हे विष ग्लायसिन जिथे पोहोचायचे तिथे वाट अडवून बसते. ओएनांथोटॉक्सिन हेच गाबाच्या बाबतीत करते. विषे तीन आणि मार्ग तीन, पण शेवट एकच: लगाम सुटतो, शरीरभर झटके येतात, आणि चेहऱ्याचे स्नायू आपापल्या जोराने ओढले जाऊन जे तयार होते ते दुरून पाहणाऱ्याला हसू वाटते.

विद्यार्थी असताना मी असा एकच रुग्ण पाहिला. धनुर्वातात आणि स्ट्रिक्निनच्या विषबाधेत माणसाची शुद्ध जात नाही. त्याला सगळे कळत असते, सगळे दुखत असते. ओठ हसत होते आणि डोळे आमच्याकडे मदत मागत होते. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या सहाध्यायाने पहिल्या क्षणी त्या रुग्णाकडे पाहून प्रतिसाद म्हणून स्मित केले आणि दुसऱ्याच क्षणी त्याला काय झाले ते समजले. त्यानंतर दिवसभर तो कुणाशी बोलला नाही.

ओठ आणि डोळे यांच्या या फारकतीवर एका फ्रेंच वैद्याने फार पूर्वी काम केले आहे. द्युशेन याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य धक्का देऊन निरनिराळे भाव निर्माण केल्याची छायाचित्रे आहेत. गालाच्या स्नायूला धक्का दिला की ओठ हसत, पण डोळ्याभोवतीचा स्नायू आपण होऊन साथ देत नसे, आणि खरा आनंद याच स्नायूवरून ओळखावा असे त्याचे म्हणणे होते. जाता जाता सांगतो, सुरकुत्या घालवण्यासाठी जे बोटॉक्स टोचतात ते धनुर्वाताच्या जंतूच्या सख्ख्या चुलतभावाचे विष आहे. एक भाऊ चेहरा ताणतो, दुसरा तो सैल पाडतो.


मितभाषी

अक्षरयात्री, रानवाटा, नाडीपरीक्षा, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आता एक सूत्र हाती आल्यासारखे वाटते आहे. विष खाल्लेला माणूस असो, कथेतले सत्तरीचे वृद्ध असोत की धनुर्वाताचा रुग्ण असो, या प्रत्येक ठिकाणी जो हसतो तोच मरतो आहे. सार्डॉनिक हसणारा माणूस संकटाच्या बाहेर उभा राहून हसत नाही, तो संकटाच्या आत असतो. माझ्या सुताराला ‘उपहासात्मक’ का लागू पडत नव्हते, ते मला आत्ता नीट सांगता येते.


निशाचर

क्षमस्व, पण मी थोडा विरोधी सूर लावतो.

शब्दाच्या जन्मकथेतून त्याचा आजचा अर्थ काढणे ही भाषाप्रेमी मंडळींची आवडती चूक आहे. मराठीतला ‘साहस’ हा शब्द घ्या. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजबरी, दरोडा, हिंसा. तो दंडनीय गुन्ह्यांचा एक वर्ग होता. आज साहसाबद्दल पुरस्कार देतात. कुणी मूळ अर्थ पुढे करून पुरस्कार विजेत्याला दरोडेखोर म्हणू लागला तर आपण त्याला हसू, आणि तेही सार्डॉनिक नव्हे. आजचा इंग्रजी वाचक ‘सार्डॉनिक’ वाचतो तेव्हा त्याच्या मनात ना सार्डिनिया असते ना धनुर्वात. त्याला दिसतो तो कोरडा, काहीसा तुच्छतादर्शक, जगाकडून फारशी अपेक्षा न उरलेला माणूस.

दुसरे असे की मितभाषी यांचे सूत्र पहिल्याच उदाहरणात तुटते. ओडिसियस कुठे मरतो आहे? पुढच्या दोन सर्गांत तो त्या सर्वांना बाणांनी टिपून मारणार आहे, आणि ते त्याला माहीत आहे. त्याचे हसू म्हणजे सूड घेणाऱ्याचे हसू आहे.


अक्षरयात्री

@निशाचर, पहिला मुद्दा मान्य. व्युत्पत्ती हा अर्थाचा पुरावा नव्हे, आणि ‘साहस’ हे उदाहरण नेमके आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. ओडिसियस उद्या मारणार आहे हे खरे, पण खूर आदळतो त्या क्षणी तो काय करू शकतो? स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलासमोर, त्याला भिकारी म्हणून अपमान गिळावा लागतो, कारण तोंड उघडले तर सर्व बेत फसेल. राग चेहऱ्यावर आणायची सोय नाही म्हणून तो हसण्याच्या रूपाने आत वळतो. ‘जो हसतो तो मरतो’ असे न म्हणता ‘ज्याच्यावर बेतले आहे तोच हसतो’ असे म्हटले तर सूत्र टिकते.

इंग्रजीत हा शब्द कसा आला तेही पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला रूप ‘सार्डोनियन’ असे होते. एडमंड स्पेन्सरच्या ‘फेअरी क्वीन’ या काव्याच्या १५९६ मध्ये निघालेल्या पाचव्या भागात मॅलेंजिन नावाचे पात्र आहे. तो मूर्तिमंत कपटच आहे. एका तरुणीला पळवून नेण्याआधी तो तिच्याकडे पाहून ‘सार्डोनियन’ हसतो, आणि कवी म्हणतो की आपला खोटा हेतू झाकण्यासाठी तो हसतो. आजचे ‘सार्डॉनिक’ हे रूप त्यानंतर, सतराव्या शतकात, फ्रेंचमधून आले.

आता गंमत पाहा. ‘छद्म’ हा शब्द संस्कृतातल्या ‘छद्’ म्हणजे झाकणे या धातूपासून आला. स्पेन्सरच्या त्या ओळीतल्या हसण्याला मराठीत ‘छद्मी हास्य’ म्हटले तर अर्थ आणि व्युत्पत्ती दोन्ही बाजूंनी चपखल बसते. कोशकारांनी ‘छद्मी’ हा प्रतिशब्द दिला तो चुकीचा नाही. तो मॅलेंजिनला शोभतो, सुताराला नाही. इंग्रजीने एकाच शब्दात कपटी माणसालाही कोंबले आणि सोसणाऱ्यालाही.

‘उपरोधिक’ या अर्थाचा इंग्रजीतला ‘सार्कास्टिक’ हा शब्दही ग्रीकच. ‘सार्क्स’ म्हणजे मांस, आणि त्यावरून झालेल्या क्रियापदाचा अर्थ कुत्र्यासारखे मांस ओरबाडणे. पुढे बोचरे बोलणे. ‘सिनिकल’ हा तर सरळ ‘कुत्र्यासारखा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. म्हणजे या घराण्यातले दोन शब्द दुसऱ्याला चावण्याचे आहेत. सार्डॉनिक माणूस दात दाखवतो, पण चावतो असे कुणी म्हटलेले नाही.


पूर्वरंग

हसण्याच्या प्रकारांची चर्चा चालली आहे आणि नाट्यशास्त्र आले नाही, असे कसे चालेल! भरताने हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिली जोडी उत्तम प्रकृतीच्या पात्रांची, मधली मध्यमांची, शेवटची अधमांची. प्रत्येक प्रकाराचे लक्षण शरीरावरून दिले आहे. उपहसितात नाकपुड्या फुगतात आणि नजर वाकडी होते; अपहसित हे अस्थानी केलेले हसणे असून त्यात डोळ्यांत पाणी येते आणि खांदे व डोके हलते.

नटाला शिकवण्यासाठी ही वर्गवारी उत्तम आहे, पण सुतार तिच्यात कुठे बसवावा? नजर वाकडी नाही म्हणून उपहसित नाही. हसणे अस्थानी आहे, पण डोके हलत नाही. मला वाटते अडचण अशी आहे की भरताने हास्य हा रस ‘हास’ या स्थायिभावावर, म्हणजे मनातल्या मूळ भावावर, उभा केला, आणि सार्डॉनिक हसण्याच्या मुळाशी ‘हास’ नाहीच. तिथे शोक आहे, किंवा क्रोध, किंवा जुगुप्सा. अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणारा आविर्भाव, एका रसाचा आणि स्थायिभाव दुसऱ्या रसाचा, असा हा प्रकार आहे.


निशाचर

@पूर्वरंग, हे मात्र पटले. माझी ‘कोरडा, तुच्छतादर्शक’ ही व्याख्या अपुरी होती हे मान्य करतो.


तळटीप

एवढी विषाची चर्चा झाली आहे तर ‘विषाद’ हा शब्द का घेऊ नये? त्यात ‘विष’ आहेच. ‘सुतार विषादाने हसला.’ मूळ कथेतले विष आपोआप मराठीत उतरते.


अक्षरयात्री

@तळटीप, सुचवलेला शब्द उत्तम आहे, कारण दिलेले मात्र चुकीचे आहे, आणि ग्रीकांनी सार्डिनियाच्या बाबतीत केले तेच आपण इथे करतो आहोत. ‘विषाद’मध्ये विष नाही. तो ‘वि’ आणि ‘सद्’ असा आहे. संधीमुळे ‘स’चा ‘ष’ झाला. ‘सद्’ म्हणजे बसणे, आणि ‘वि’ लागल्यावर खाली बसणे, खचणे. विषण्ण म्हणजे खचलेला, खाली गेलेला.

लिहिता लिहिता लक्षात आले की मितभाषी यांच्या कथेत जहाजही खालीच चालले आहे.


मितभाषी

@अक्षरयात्री, हे वाचून मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारून आले. वाचकाला ही व्युत्पत्ती कळणार नाही, कळण्याची गरजही नाही, पण शब्द निवडताना मला ती पुरे आहे.

फक्त ‘विषण्ण’ने भागणार नाही. त्यात खचणे येते, पण ‘मी तेव्हाच सांगितले होते’ हा काटा येत नाही. तो काटा ‘कडवट’मध्ये आहे, आणि रानवाटा यांनी सांगितलेल्या व्हर्जिलच्या ओळीमुळे त्या शब्दालाही आधार मिळाला. माझा मसुदा असा आहे: ‘सुताराच्या चेहऱ्यावर एक विषण्ण, कडवट हसू पसरले आणि तो हातोडा घेऊन उठला.’


निशाचर

दोन्ही विशेषणे ठेवा, पण वाक्याची घडण बदला. ‘चेहऱ्यावर एक हसू पसरले’ ही इंग्रजीची सवय आहे; मराठी माणूस बहुधा नुसता हसतो. तो गालातल्या गालात हसतो, फिदीफिदी हसतो, कसनुसा हसतो. आपल्याकडे हसण्याचा सगळा कस क्रियापदात आणि क्रियाविशेषणात असतो, नामात क्वचित. शिवाय ‘पसरणे’ प्रसन्न हसण्याला शोभते. नाडीपरीक्षा यांनी वर्णन केलेल्या चेहऱ्यावर काही पसरत नाही, तिथे ताण पडतो.


नाडीपरीक्षा

@निशाचर, सहमत. ताण हाच शब्द. आणि डोळ्यांविषयी एक अक्षरही लिहू नये; वाचक ते स्वतः पाहील.


मितभाषी

मग हे असे:

‘कप्तानाने कंदील वर धरला. सुताराचे ओठ ताणले गेले. तो कडवट, विषण्णसा हसला आणि हातोडा घेऊन उठला.’

‘विषण्णसा’मधला ‘सा’ ठेवायचा की काढायचा, यावर अजून विचार चालू आहे.


निशाचर

काढा.